कांचेच्या पेटींतील समुद्रगोगलगाय

गेल्या डिसेंबरांत आपल्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनास आलेल्या पालकांपैकीं पुष्कळांनीं प्रयोगशाळेच्या कोपऱ्यांत ठेविलेली खाऱ्या पाण्याची कांचपेटी पाहिली असेल. तींत निळ्या अंगाची, काळ्या रेघांची व पिवळ्या कांठाची, बोटाच्या दोन पेरांएवढी एक समुद्रगोगलगाय होती. त्या दिवशीं त्या पेटीपुढें जेवढी गर्दी झाली तेवढी आमच्या वाफेच्या यंत्रापुढें व सूर्यमालेच्या फिरत्या नमुन्यापुढें मिळूनही झाली नसेल. त्यानंतर कित्येक पालकांनीं मजकडे विचारणा केली, कीं अशी पेटी घरीं ठेवतां येईल काय, तिला खर्च किती येईल, व ती गोगलगाय मिळते कोठें. विद्यार्थीही विचारतात, कीं आपली गोगलगाय कोठें गेली. ह्या दोन्ही विचारणांचें उत्तर एकच आहे, व तें तोंडीं देण्याचें मीं आजवर टाळलें. म्हणून येथें लिहून देत आहें.

माझें मत आडपडदा न ठेवतां प्रथमच सांगतों. रंगीत समुद्रगोगलगाय घरच्या कांचपेटींत ठेवूं नये. शाळेच्याही ठेवूं नये. आणि ती ठेवण्यांत मी स्वतः चुकलों आहें. हें मत कांहींना कठोर वाटेल. मासे पाळणें हा निर्दोष छंद आहे, त्यांतून मुलांच्या मनांत प्राण्यांविषयीं ममता उत्पन्न होते, असें आपण सर्वच म्हणतों व मीही म्हणत आलों आहें. तेव्हां ह्या एका प्राण्यासंबंधानें वेगळें कां म्हणावें, हें सविस्तर सांगितलें पाहिजे.

आपल्या अंगणांत पावसाळ्यांत दिसणारी गोगलगाय पाठीवर शंख वाहते. समुद्रांतील तिच्या ह्या बहिणी तो शंख टाकून देतात. अंड्यांतून निघालेल्या पिलाला नुसत्या डोळ्यांस दिसणार नाहीं इतका बारीक शंख असतो. कांहीं काळ तें पिलूं पाण्यांत तरंगत राहतें, आणि योग्य जागा सांपडली कीं तळाशीं बसून शंख टाकतें व रांगूं लागतें. ह्यांतील एका मोठ्या गटाचे कल्ले शरीराबाहेर उघडे असतात, म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यास ‘न्यूडिब्रँक’, म्हणजे उघड्या कल्ल्यांचे प्राणी, असें नांव दिलें. ह्या गटाच्या सुमारें ३,००० जाती आजवर ज्ञात आहेत. आमच्या पेटींतील जातीचे कल्ले पाठीच्या मागील टोंकास फुलाप्रमाणें उमललेले असत, व कोणी कांचेवर टिचकी मारली कीं तें फूल क्षणांत आंत मिटे. डोक्यावर दोन लहान शिंगें असतात. तीं मारण्यासाठीं नसून पाण्यांतील वास ओळखण्यासाठीं असतात. डोळे आहेत, पण उजेड व अंधार कळण्यापुरतेच. म्हणजे ज्या रंगावर आपण लुब्ध होतों तो त्या प्राण्यास स्वतःस कधींच दिसत नाहीं.

मग तो रंग कोणासाठीं? मुख्यतः माशांसाठीं. शंख टाकला तेव्हां चिलखत गेलें; त्याची भरपाई ह्या प्राण्यांनीं आपल्या अन्नांतून केली. कित्येक जाती स्पंज खातात. स्पंज जागेवरून हलूं शकत नाहीं, म्हणून तो आपल्या अंगांत कडू व विषारी द्रव्यें बाळगतो. गोगलगाय तीं द्रव्यें पचवून टाकीत नाहीं, तर आपल्या अंगाच्या कांठांत सांठवून ठेवते. एकदां तोंड पोळलेला मासा त्या निळ्या-पिवळ्या रंगास पुन्हां तोंड लावीत नाहीं. दुसऱ्या कांहीं जातींची युक्ति याहून अजब आहे. त्या समुद्रफुलें व त्यांचे सूक्ष्म भाईबंद खातात, ज्यांच्या अंगांत विंचवाच्या नांगीसारख्या डंख मारणाऱ्या पेशी असतात. ह्या पेशींपैकीं कांहीं न फुटतां पोटांतून पाठीवरील बोटांसारख्या पिसाऱ्याच्या टोंकांशीं जातात, व तेथें गोगलगायीचेंच शस्त्र होऊन बसतात. शत्रूच्या भात्यांतील बाण काढून आपल्या भात्यांत भरावे, तसेंच हें. तिसरा एक गट शेवाळ खातो व त्यांतील हिरवे कण आपल्या अंगांत जिवंत ठेवून सूर्यप्रकाशाचाही लाभ घेतो.

हें सर्व इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें, कीं ह्या प्राण्याचें अन्न म्हणजे केवळ त्याचें पोट भरण्याचें साधन नसतें. पुष्कळदां त्याचें संरक्षणही त्यांतूनच येतें. आणि तें अन्न वाटेल तें चालत नाहीं. एक जात एकाच प्रकारचा स्पंज खाते, दुसरीला तो पुढें ठेवला तरी ती तोंड लावीत नाहीं. गाईला वैरण, मांजराला दूध, पोपटाला मिरची, अशा आपल्या सोप्या हिशेबांत ही बसत नाहीं.

हा प्राणी कोठल्या तरी दूरदेशींचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी वॉल्टर एलियट ह्यांनीं पूर्वकिनाऱ्यावर जमविलेल्या समुद्रगोगलगायींचें वर्णन ऑल्डर व हँकॉक ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८६४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील एका जातीस त्यांनीं ‘कलिंगा’ असें आपल्या प्राचीन देशाचें नांव दिलें. आपल्या मुंबईचेंही नांव एका जातीस मिळालें आहे. विंकवर्थ नांवाच्या अभ्यासकानें १९४६ सालीं जिचें वर्णन केलें तिला आज शास्त्रज्ञ ‘गोनिओब्रँकस बॉम्बेयानस’ म्हणतात. अलीकडच्या काळांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. दीपक आपटे ह्यांनीं लक्षद्वीप व कच्छचें आखात येथील समुद्रगोगलगायींवर पुष्कळ काम केलें. आणि २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ह्या नांवानें कांहीं नागरिक ओहोटीच्या वेळीं मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर लोकांस घेऊन जातात व तेथें काय काय जिवंत आहे तें दाखवितात. हाजी अलीच्या परिसरांत, जुहूस, वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकांवर, जेथें आपण केवळ घाण पाणी व पिशव्या पाहतों, तेथें त्यांनीं समुद्रगोगलगायी दाखविल्या आहेत.

मीं स्वतः हा प्राणी प्रथम पाहिला तो कॉलेजांत, औषधी पाण्यानें भरलेल्या बरणींत. तो करड्या रंगाचा एक सुरकुतलेला गोळा होता, व खालीं चिठ्ठीवर लॅटिन नांव होतें. ह्या प्राण्यांचा रंग मरणानंतर टिकत नाहीं. म्हणूनच जुने अभ्यासक जिवंत प्राण्यावरून चित्रें काढून ठेवीत. शंखशिंपल्यांप्रमाणें ह्यांचें कपाटांत कांहीं उरत नाहीं. जी वस्तु जिवंत असेपर्यंतच सुंदर असते ती जिवंत आपल्याजवळ असावी असें मनुष्यास वाटणें स्वाभाविक आहे, आणि ह्या सर्व प्रकरणाचें मूळ तेथेंच आहे.

कांचेच्या पेटींत समुद्र ठेवण्याची हौस फार जुनी नाहीं. अ‍ॅना थिन नांवाची एक बाई, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींतील एका धर्मोपदेशकाची पत्नी, हिनें १८४६ सालीं टॉर्के येथील किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी थोडें. म्हणून तिची मोलकरीण तें पाणी रोज उघड्या खिडकीपुढें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत अर्धा-पाऊण तास ओतीत बसे, म्हणजे त्यांत हवा मिसळे. अशा रीतीनें तिनें सुमारें तीन वर्षें ते प्राणी राखले. (श्रेय बाईसाहेबांस मिळालें, मोलकरणीचे हात किती दुखले असतील ह्याची नोंद कोणी ठेविली नाहीं.) पुढें फिलिप हेन्री गॉस ह्या सृष्टिशास्त्रज्ञानें ही विद्या सर्वसामान्यांस शिकविली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं जें मत्स्यगृह उघडलें त्यांत त्याचा हात होता, व १८५४ सालीं त्यानें ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हें पुस्तक लिहिलें. गॉस हा अत्यंत भाविक ख्रिस्ती मनुष्य होता. खडकांतील प्रत्येक डबक्यांत त्यास ईश्वराची कारागिरी दिसे, आणि ती सर्वांनीं पाहावी एवढीच त्याची इच्छा. परिणाम काय झाला तें त्याचा पुत्र एडमंड गॉस ह्यानें १९०७ सालीं ‘फादर अँड सन’ ह्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. पुस्तकें वाचून लोकांचे थवे बादल्या व जाळीं घेऊन किनाऱ्यावर लोटले, आणि शतकानुशतकें अबाधित राहिलेलीं तीं डबकीं थोड्याच वर्षांत उजाड झालीं. पित्याला ह्याचें फार दुःख झालें, असें पुत्र सांगतो. वाईट हेतु कोणाचाच नव्हता. ही गोष्ट मीं वर्गांत अनेकदां सांगितली होती. स्वतःला मात्र लागू केली नव्हती.

मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें तें अगदीं समुद्राच्या कांठीं. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचावर, सह्याद्रीच्या पलीकडे. येथें समुद्र आणावयाचा तर तो पिशवींतून आणावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, व त्यांत आपल्या नेहमींच्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादिकांचेही असतात. म्हणून वाण्याकडील मीठ चालत नाहीं, मुद्दाम बनविलेलें मिश्रण घ्यावें लागतें. आमच्या ९० लिटरांच्या पेटीस तीन किलोंहून अधिक मिश्रण लागलें. खडकवासल्याचें नळानें येणारें पाणी क्लोरीन जाईपर्यंत ठेवावें लागलें. नंतर प्राण्यांच्या मलमूत्रांतून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाचें रूपांतर करणारे जंतु पेटींत वाढेपर्यंत कित्येक आठवडे थांबावें लागलें. ऑक्टोबरच्या उष्म्यांत पाणी तापूं लागलें म्हणून मुलांनीं त्यावर पंखा लावला. पंख्यानें पाणी आटलें. आटलेल्या पाण्याच्या जागीं एकानें मोठ्या उत्साहानें पुन्हां खारें पाणी ओतलें. आणि क्षारता मापनकाचेच्या वर चढली. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी, हा धडा आठवीच्या पुस्तकांतून जो कळत नव्हता तो त्या दिवशीं सर्वांस कळला. येथपर्यंत पेटीनें आम्हांस पुष्कळ शिकविलें हें मी कृतज्ञतापूर्वक मान्य करतों. दोन लहान मासे व एक शंखांत राहणारा खेकडा तींत सुखानें राहिले व अजूनही आहेत.

नोव्हेंबरच्या अखेरीस इयत्ता आठवींतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांबरोबर दुकानांतून ती गोगलगाय घेऊन आला. पाण्यानें भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवींत ती निळी फीत हलत होती. दुकानदारानें ‘ही कांचेवरचें शेवाळ खाते, हिला वेगळें कांहीं लागत नाहीं’ असें सांगितलें होतें. मुलाचा चेहरा काय वर्णावा! त्यानें एक वही घातली होती. तींत रोज तिची लांबी मोजून लिहावयाची असें त्यानें ठरविलें होतें. पहिल्या दिवशींची नोंद ४६ मिलिमीटर.

त्याच रात्रीं मीं पुस्तकें काढून पाहिलीं. रूपावरून ती स्पंज खाणाऱ्या कुळांतील होती ह्याविषयीं संशय राहिला नाहीं. तो स्पंज आमच्या पेटींत नव्हता; पुण्यांत कोठेंही नव्हता; आणि असता तरी तो पेटींत जगविणें ही स्वतंत्र विद्या आहे. म्हणजे ती त्या पेटींत उपाशी मरणार हें मला पहिल्याच रात्रीं कळलें. प्रदर्शनास अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशीं त्या मुलानें विचारलें, “सर, ही कांहीं खात कां नाहीं?” मी म्हणालों, “खाईल रे, नवी जागा आहे; हळूहळू खाईल.”

ह्या एका वाक्यासाठीं मीं हा लेख लिहिला आहे असें म्हटलें तरी चालेल. तें असत्य होतें हें बोलतांनाच मला ठाऊक होतें.

आठव्या दिवशीं तिनें कांचेवर पांढऱ्या अंड्यांची एक नाजूक फीत गुंडाळी करून घातली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. प्रदर्शनांत कित्येक पालकांनीं ती फीत पाहून ‘प्राणी अगदीं खुशींत आहे’ असा अभिप्राय वहींत लिहिला. वस्तुस्थिति अशी कीं ह्या जातींचें आयुष्यच थोडें असतें, बहुतेकांचें एक वर्षाच्या आंत. त्या थोड्या काळांत अंडीं घालणें हें त्यांचें मुख्य काम, व उपासमारींतही तें त्या करतात. त्या अंड्यांतून पिलें निघालीं असतीं तरी त्यांस पाण्यांतील सूक्ष्म अन्न व पुढें उतरावयास योग्य जागा लागते. पेटींत तीं एका गाळणींतून दुसऱ्या गाळणींत जाऊन संपलीं असतीं. ह्याच अडचणीमुळें ह्या प्राण्यांची पैदास फारच थोड्या जातींत साधली आहे, व दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक समुद्रगोगलगायी कोठल्या ना कोठल्या खडकावरून उचलून आणलेल्या असतात.

प्रदर्शनाच्या दिवशीं लांबी ३७ मिलिमीटर होती. मोजमाप चुकलें असावें असें त्या मुलास वाटलें, व त्यानें पट्टी बदलून पाहिली. विसाव्या दिवशीं ती २४ मिलिमीटर भरली. उपाशी गोगलगाय अशीच आटत जाते. स्वतःचें अंगच खाऊन दिवस काढते. एकविसाव्या दिवशीं सकाळीं तिची कांचेवरील पकड सुटलेली होती व ती वाळूवर उलटी पडली होती. निळा रंग तोंवर पांढुरका झाला होता. विषारी द्रव्यें बाळगणारा प्राणी पेटींत मेला असतां इतरांसही धोका असतो, म्हणून मीं ती लगेच काढली. मुलानें वही उघडली, तारीख घातली, आणि मग विचारलें, “सर, तिला काय लागतें तें आपणांस ठाऊक होतें काय?” मी म्हणालों, “होय. पहिल्याच रात्रीं कळलें होतें.” त्यानें वही मिटली. त्यानंतर तीन आठवडे तो विज्ञानमंडळांत आला नाहीं.

त्याचे वडील मात्र दुसऱ्याच दिवशीं आले. सज्जन गृहस्थ. म्हणाले, “सर, मुलगा फार उदास आहे. त्याला न कळत दुसरी तशीच आणून पेटींत सोडूं या. खर्चाची काळजी करूं नका.” मीं नकार दिला, तेव्हां ते थोडे दुखावले. ह्या त्यांच्या सूचनेचा मी पुष्कळ दिवस विचार केला आहे, कारण तींत वाईट असें कांहींच नव्हतें, पुत्रप्रेमच होतें. परंतु एका मेलेल्या प्राण्याच्या जागीं दुसरा ठेवला असतां मुलगा काय शिकला असता? दुसरीही तीन आठवड्यांनीं आटली असती. मग तिसरी. तिला कांहीं लागतें ही गोष्टच मग कोणाच्या ध्यानांत राहिली नसती. मुलांना दुःख होऊं नये म्हणून आपण जें जें बदलून देतों, मोडलेलें खेळणें, हरवलेली लेखणी, त्या यादींत जीव येऊं नये असें मला वाटतें. ह्याविषयीं पालकांपैकीं कोणाचें मत भिन्न असल्यास त्यांनीं मला अवश्य सांगावें.

आतां आक्षेपांकडे वळूं. एका सहकारी शिक्षकांनीं मला विचारलें, कीं ह्या न्यायानें सर्वच कांचपेट्या फोडावयाच्या काय? मुळींच नाहीं. गप्पी मासा घरच्या हौदांत पिढ्यान्‌पिढ्या जगतो, पिलें देतो, डांसांच्या अळ्या खातो. त्याला पाळण्यांत मला दोष दिसत नाहीं. समुद्रगोगलगायींतही अपवाद आहेत व ते लपवून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ‘बर्घिया’ नांवाची एक लहानशी पांढुरकी जात पेटींत पैदा करतां येते. ती ऐप्टेशिया नांवाचें एक उपद्रवी समुद्रफूल खाते, आणि खारें पाणी राखणारे लोक त्याच कामासाठीं ती आणतात. पण तिचेंही तेंच: उपद्रव संपला कीं तिचें अन्न संपतें, व ती दुसऱ्याच्या पेटींत पोहोंचविली नाहीं तर उपाशी मरते. शेवाळ खाणाऱ्या कांहीं हिरव्या जाती शेवाळ व प्रकाश मिळाल्यास टिकतात. ‘अ‍ॅप्लिसिया’ ह्या मोठ्या समुद्रशशकावर तर एरिक कँडेल ह्यांनीं स्मरणशक्तीचे प्रयोग केले व त्यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तो प्राणीही समुद्री शेवाळ खातो, आणि तें पुरविणें शक्य असतें. तात्पर्य, ज्याचें अन्न आधीं पेटींत वाढवून दाखविलें त्यानें प्राणी आणावा. निळ्या-पिवळ्या, जांभळ्या-शेंदरी अशा ज्या जाती दुकानांत डोळे वेधतात त्यांच्या बाबतींत ही अट घरच्या पेटींत पुरी होत नाहीं. गंमत अशी, कीं जी जात जितकी भडक तितकी बहुधा तिच्या अन्नाची निवड अधिक काटेकोर. दुकानांत मात्र भडक रंगासच अधिक किंमत.

दुसरा आक्षेप असा, कीं ती समुद्रांतही थोडेच महिने जगते. येथें तीन आठवडे कमी जगली तर काय बिघडलें? हा आक्षेप एका हुशार विद्यार्थ्याचा आहे. त्यास मीं उलट विचारलें, कीं तुला परीक्षेस तीनच तास मिळतात, त्यांतील एक तास कमी केला तर चालेल काय? तो हंसला, पण मला वाटतें, त्याला समजलें.

आमच्या पेटींतील गोगलगाय कोणत्या समुद्रांतून आली होती हेंही आम्हांस कधीं कळलें नाहीं. तें कोणी विचारलें नाहीं व कोणी सांगितलें नाहीं. घरीं पेटी मांडूं इच्छिणाऱ्यांनीं निदान एवढें लक्षांत ठेवावें, कीं प्रवाळ उचलणें व विकणें हें आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद आहे. सजावटीसाठीं म्हणून कोणी जिवंत प्रवाळाचा तुकडा देऊं केला तर तो घेऊं नये.

फेब्रुवारींत आम्ही चौदा विद्यार्थी, दोन शिक्षक व तीन पालक मिळून मुंबईस गेलों. पौर्णिमेचा आदला दिवस होता. अशा वेळीं समुद्र फार मागें हटतो, व त्या दिवशीं ओहोटी, जिला कोळी लोक सुकती म्हणतात, सायंकाळीं पांचाच्या सुमारास होती. दादरला गाडी बदलून वांद्र्यास उतरलों व कार्टर रोडच्या खडकांवर गेलों. शेवाळावर पाय घसरतो, म्हणून जुने बूट घालावयास सांगितलें होतें. तरी दोघे बसलेच. नियम तीन होते: कांहीं उचलावयाचें नाहीं, उलटलेला दगड जसा होता तसा परत ठेवावयाचा, आणि पाणी वळलें कीं शिटी वाजतांच निघावयाचें. दुर्गंधि होती, प्लॅस्टिक होतें, हें मी नाकारीत नाहीं. पहिला पाऊण तास खेकडे व समुद्रफुलें ह्यांखेरीज कांहीं दिसलें नाहीं, आणि पालकांपैकीं एकांनीं चहाची चौकशी केली.

ती सांपडली त्याच मुलास. तो गुडघ्यांवर बसून एका परातीएवढ्या डबक्यांत पाहत होता. दगडाच्या बाजूस तपकिरी रंगाचा पिसासारखा एक झुबका होता, आणि त्याच्या एका फांदीवर नखाएवढी, पाठीवर बोटांसारखा पिसारा असलेली एक गोगलगाय डोलत होती. आमच्या निळीपुढें ती अगदींच साधी, पांढरट, थोडी शेंदरी. ती त्या फांदीचीं टोंकें खात होती. डोकें पुढें जाई, थांबे, पुन्हां जाई. आम्ही आळीपाळीनें ओणवे होऊन पाहिलें. त्यानें खिशांतून पट्टी काढली, ती पाण्यास न लावतां वर धरली, आणि अंदाजानें म्हणाला, “अकरा मिलिमीटर, सर.” वही त्यानें आणली होती. मला तें माहीत नव्हतें. वीस मिनिटांनीं पाणी वळलें, शिटी वाजली, व डबक्यावरून पहिली लाट गेली तेव्हां आम्ही निघालों. रात्रीच्या गाडीनें पुण्यास पोहोंचतांना बहुतेक मुलें झोंपलीं होतीं.

खाऱ्या पाण्याची पेटी प्रयोगशाळेंत आहे. मासे व खेकडा पाहावयास कोणीही मधल्या सुटींत यावें. पुढील सहल दिवाळीनंतरच्या पहिल्या सोयीच्या ओहोटीस निघेल. ज्या विद्यार्थ्यांस यावयाचें असेल त्यांनीं पालकांच्या सहीची चिठ्ठी आणावी; आणि जे पालक स्वतः येऊं शकतील त्यांनीं जुने बूट बरोबर घ्यावे.